आले काढावे की ठेवावे?

कन्नड तालुक्यातील पिशोर आणि त्याच्या आसपासची गावे यांत मका-कपाशीच्या जोडीने आल्याच्या पिकाने जे ठाण मांडले आहे, त्यामुळे इथल्या शेतकऱ्यापुढे दर हिवाळ्यात एक असा प्रश्न उभा राहतो की ज्याचे उत्तर पंचांगात नाही, कृषी विद्यापीठाच्या दैनंदिनीत नाही आणि खिशातल्या मोबाइलमध्येही नाही: आले काढावे की ठेवावे? मे-जूनमध्ये गादीवाफ्यावर लावलेले हे पीक सुमारे नऊ महिन्यांत काढणीस येते. परंतु बाजार पडलेला असला तर कंद जमिनीतच राखून, पुढचा पावसाळा त्यावरून जाऊ देऊन, दीड वर्षानेही ते काढता येते, आणि अशा राखलेल्या पिकाचे वजन वाढते व कधी कधी भावही घसघशीत मिळतो. मात्र त्याच पावसाळ्यात शेतात कंदसड शिरली, तर एकरी आठ-दहा क्विंटल महागडे बेणे, ठिबकच्या नळ्या, खते आणि मजुरी यांत घातलेला सारा पैसा मातीत कुजून जातो. २०२३ साली आल्याचे भाव भडकले, ते पाहून अनेकांनी लागवड वाढवली आणि त्यांतील पुष्कळांना पुढे उतरत्या बाजाराला तोंड द्यावे लागले, ही गोष्ट इथे कोणाला नव्याने सांगावी लागत नाही.

या शेतकऱ्याच्या हातात तंत्रज्ञान पोहोचलेले नाही, असे मात्र कोणी समजू नये. बाजारसमित्यांचे दर, आठ दिवसांचे हवामान, पानावरच्या डागाचे छायाचित्र पाहून रोगाचे नाव सांगणारी युक्ती, औषधे घरपोच आणून देणारी दुकाने, एवढा सगळा सरंजाम त्याच्या खिशात आहे. उणीव आहे ती अशा माणसाची, की जो 'ठेवा' असे म्हणेल आणि ठेवल्यावर पीक सडले तर त्या नुकसानीत आपलाही हिस्सा धरील. तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात नवे उद्योग उभारणाऱ्या तरुणांच्या हेतूविषयी आणि आपण कोणती वस्तू करावी, कोणती करू नये याबद्दलच्या त्यांच्या निर्णयांविषयी मला जे म्हणावयाचे आहे, ते या एका उणिवेत जवळजवळ सामावलेले आहे.

१६ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने स्टार्टअप इंडियाचा आरंभ केला, २०१८ साली महाराष्ट्राने नवउद्योगांसाठी स्वतंत्र धोरण आखले, आणि आपल्या संभाजीनगरातही मराठवाड्यातील उद्योजकांच्या चेंबरने 'मॅजिक' नावाचे केंद्र काढून नवोद्योजकांना आधार देण्याची तजवीज केली. हे सर्व स्वागतार्हच आहे. परंतु या वातावरणात वाढणाऱ्या तरुणाला जो पहिला उपदेश मिळतो, तो मला फार संशयास्पद वाटतो. त्याला सांगितले जाते की आधी स्वतःच्या अंतरंगात डोकाव, तुझे जीवितकार्य कोणते ते शोध, त्याचे एका वाक्यात सूत्र कर आणि मग त्या सूत्राला अनुसरून वस्तू घडव. मोक्षसाधनेला ही रीत शोभेल. उद्योगाला शोभत नाही. अंतरंगात डोकावणाऱ्याला बहुधा आपल्याच आवडीनिवडी सापडतात, आणि त्यांना जगाच्या गरजेचे नाव दिले की ते सूत्र भिंतीवर लावण्यास योग्य होते, एवढेच.

उद्योगातील हेतू हा जामीनकीसारखा आहे. गावात जो दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहतो, त्याला त्या माणसाची विहीर किती हात खोल आहे, उन्हाळ्यात तिला पाणी टिकते की नाही, सातबाऱ्यावर बोजा कोणाचा आहे, फेरफार कुठे अडकला आहे आणि घरात लग्न कोणाचे ठरले आहे, हे सगळे ठाऊक असावे लागते. कारण कागदावर सही करताच परक्याची अडचण त्याच्या स्वतःच्या जमाखर्चात येऊन बसते. आपण कोणाला जामीन राहणार हे ज्या उद्योजकाने ठरवले, त्याचे वस्तूविषयीचे निम्मे निर्णय आपोआप होतात. ज्याने ते ठरवले नाही, तो एकामागून एक सोयी जोडीत राहतो आणि त्या भाऊगर्दीलाच प्रगती समजतो.

या बाबतीत आपल्या भाषेच्या मुलखातच जे उदाहरण शतकापूर्वी घडले, त्याची बरोबरी करणारे दुसरे मला आढळलेले नाही. १८६९ साली बेळगावकडील गुर्लहोसूर येथे जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकार होण्यासाठी गेले, रंगांध असल्याचे कळल्यावर त्यांना रंग सोडून यांत्रिक रेखाटनाकडे वळावे लागले, आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते तोच विषय शिकवू लागले. मुंबईत असताना त्यांनी सदऱ्याची बटणे करून पाहिली, औषधाच्या गोळ्यांच्या डब्या करून पाहिल्या. मुंबईहून सायकली विकत घेऊन बेळगावला बंधूंकडे पाठवल्या आणि १८८८ मध्ये तिथे सायकलींचे दुकान सुरू झाले. पात्रता असूनही बढती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली, तेव्हा नोकरीचा राजीनामा देऊन ते बेळगावला परतले. इथवरच्या वृत्तांतात हुन्नर आहे, स्वाभिमान आहे, यंत्रांचे अनावर वेड आहे. पण ज्याला आज जीवितकार्य म्हणतात त्याचा मागमूसही नाही, आणि बटणे करणाऱ्या त्या तरुणाला कोणी एका वाक्यात आपले ध्येय लिहून द्यावयास सांगितले असते, तर त्या वाक्यात नांगर हा शब्द आला नसता.

नांगर आला तो गिऱ्हाइकाच्या वाटेने. आधी त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले, कारण अख्खी ताटे गुरांपुढे टाकली की त्यांतील बराच कडबा पायदळी जाऊन फुकट जातो, हे ज्याच्या गोठ्यात गुरे आहेत त्याला पटवून द्यावे लागत नाही. मग १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार झाला, आणि तो विकला जाईना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. ही हकिकत आपण सहसा शेतकऱ्याच्या अंधश्रद्धेची गंमत म्हणून सांगतो; मला त्यात गंमत दिसत नाही. लाकडी नांगर मोडला तर बलुतेदार सुतार तो दुरुस्त करीत असे आणि त्याची मजुरी सुगीला धान्याने भागत असे. लोखंडी नांगराचा फाळ झिजला किंवा तुटला तर ऐन हंगामात जायचे कोणाकडे आणि रोख पैसा आणायचा कुठून, हा प्रश्न त्या विषाच्या भयाआड उभा असावा, असा माझा तर्क आहे. ज्याला वर्षातून एकदाच पेरता येते त्याचा संशय ही त्याची तिजोरी असते; ती उघडायची तर आधी विश्वासाची किल्ली घडवावी लागते, आणि तिला ओतशाळेतल्या कामापेक्षा अधिक वेळ लागतो.

लक्ष्मणरावांपुढे त्या दोन वर्षांत सोपे मार्ग पुष्कळ होते. सायकलींचे दुकान वाढवता आले असते, दुसऱ्या कोणाच्या परदेशी मालाची अडत घेता आली असती. ते नांगराला चिकटून राहिले, आणि चिकटून राहणे याचा अर्थ तोच नांगर पुन्हा पुन्हा विकावयास नेणे असा नव्हता. पोलाद, ओतकाम आणि आकार सुधारीत, दख्खनच्या काळ्या जमिनीतली हरळी उपटून काढणारी खोल नांगरट या नांगराने होते हे लोकांच्या डोळ्यांना दिसेपर्यंत त्यांनी धीर धरला. पुढे बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडावयास लावली, आणि १९१० मध्ये औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर माळरान जमीन दिली, तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, पंप, पुढच्या पिढीत इंजिने, असा तो विस्तार पाहिला तर वस्तू कितीतरी बदलल्या असे दिसते, पण जामीनकी ज्याची घेतली होती तो इसम बदलला नाही. (१९२० साली सुरू झालेले 'किर्लोस्कर खबर' हे पत्रकसुद्धा आरंभी कारखान्याची खबरबात गिऱ्हाइकांपर्यंत नेण्यासाठीच होते; त्यातून मराठीतले एक मोठे मासिक जन्माला आले, हे आपणा वाचणाऱ्यांचे भाग्य.)

पिशोरहून ईशान्येला अजिंठ्याचा डोंगर ओलांडून पुढे गेले की जामनेर तालुका लागतो, आणि त्या एका तालुक्यातली दोन माणसे या विषयात विसरता येत नाहीत. वाकोदचे भवरलाल जैन यांनी सरकारी अधिकारपदाची वाट सोडून १९६३ मध्ये सात हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेलचा व्यापार सुरू केला, मग शेतीच्या निविष्ठा विकल्या, १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा एक बंद पडलेला कारखाना तीस लाखांना घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढले, १९८० पासून पीव्हीसीचे नळ केले आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात ते ठिबकाकडे आले. ठिबक ही कल्पना काही त्यांची नव्हे. इस्रायलच्या हत्झेरीम वसाहतीत १९६५ मध्येच नेटाफिमने तिचा व्यवसाय उभारला होता. नुसत्या नळ्या विकल्या तर काय होते हे उघड आहे: पाण्यातले क्षार साचून छिद्रे बुजतात, कोणत्या पिकाला किती वेळ पाणी सोडावे हे कळत नाही, आणि एका हंगामात ती नळी गुंडाळून माळ्यावर जाते. जैन यांनी नळीबरोबर आराखडा, जोडणी आणि पिकाचा सल्ला देणारी माणसे शेतापर्यंत पाठवली, आणि पुढे पांढरा कांदा करारावर विकत घेण्यापर्यंत मजल नेली. मला हा निर्णय नळीच्या शोधाहून मोठा वाटतो. शेतकऱ्याला नळी नको असते, पीक हवे असते. आणि ते हाती येईपर्यंत जो सोबत राहतो, त्याचीच नळी दुसऱ्या वर्षी विकली जाते.

दुसरे गृहस्थ शेंदुर्णीचे गोपाळ मल्हारी भिसे. बैलजोडी पोसण्याची ऐपत नसलेल्या शेतकऱ्यासाठी त्यांनी जुन्या सायकलीचे पुढचे चाक आणि दांडा घेऊन त्याला कोळप्याची पात जोडली, आणि एका माणसाला ढकलता येईल असे कोळपे तयार केले; राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्याचा गौरव केला. त्यांना बाजारपेठेची पाहणी करावी लागली नाही, कारण ज्याची अडचण होती तो आणि ज्याने उपाय काढला तो, हे एकाच बांधावर उभे होते.

सगळ्यांनाच असे बांधावर उभे राहता येत नाही, हे खरे. दूरच्या माणसालाही हेतू सापडू शकतो, मात्र त्यासाठी स्वतःचा मसुदा फाडण्याची तयारी हवी. केनियात व्होडाफोन आणि सफारीकॉम यांच्या माणसांनी २००५ च्या सुमारास मोबाइलवरून लहान कर्जांचे हप्ते फेडण्याची एक योजना चाचणीसाठी चालवली. लोकांनी तिचा उपयोग भलत्याच कामासाठी आरंभला. ते एकमेकांना पैसे पाठवू लागले. चाचणी घेणाऱ्यांना हा गैरवापर वाटू शकला असता आणि नियम कडक करून तो बंदही पाडता आला असता. त्यांनी कर्जाचा हप्ता बाजूला सारला, घरी पैसे पाठवण्याची सोय तेवढी पुढे ठेवली, आणि २००७ मध्ये एम-पेसा सुरू झाले. शहरात राबणारा नवरा आणि गावाकडे वाट पाहणारी बायको यांची अडचण त्यांनी आपल्या कागदावरून काढली नव्हती. ती लोकांनी त्यांच्या हाती दिली.

उलट दिशेचे उदाहरण शोधण्यास केनियापर्यंत जावे लागत नाही. बायजूज या कंपनीच्या मुळाशी एक खरा शिक्षक होता, त्याच्या वर्गात बसलेली खरी मुले होती. २०२० मध्ये व्हाइटहॅट ज्युनियर, २०२१ मध्ये आकाश, अशा एकामागून एक संस्था विकत घेत २०२२ मध्ये तिचे मूल्यांकन बावीस अब्ज डॉलरांवर गेले. आणि जुलै २०२४ मध्ये कंपनी कायदा न्यायाधिकरणाने तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली, ती भारतीय क्रिकेट संघाच्या अंगावरील जाहिरातीच्या थकबाकीपोटी. शिकवण्याच्या धंद्याला क्रिकेटच्या सदऱ्याच्या बिलासाठी न्यायासनापुढे उभे राहावे लागले, यावर आणखी भाष्य करण्याची गरज नाही. विद्यार्थ्याच्या आकलनाला जामीन राहिलेल्या माणसाने ते बिल पहिल्या दिवशीच परत पाठवले असते.

आता पिशोरकडे वळतो. इथल्या शेतकऱ्याच्या वाट्याला आलेले बरेचसे तंत्रज्ञान कारकुनाच्या सोयीने घडलेले आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी घ्या. तलाठ्याच्या दप्तरात व्हावयाची नोंद शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, छायाचित्रासह करावी, ही कल्पना उत्तम होती आणि तिने नोंदीचा अखत्यार ज्याचा त्याला दिला. पण डोंगराच्या कुशीत जिथे नेटवर्क पोहोचत नाही तिथे आणि ज्याच्या मोबाइलचा कॅमेरा फुटलेला आहे त्याच्या बाबतीत काय, हा विचार मागाहून आला, आणि शेवटी गावोगाव सहायक नेमण्याची पाळी आली. पावसाची गोष्ट याहून बोलकी आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर त्याला अतिवृष्टी म्हणावे, असा दंडक आहे, आणि हा आकडा मंडळातल्या पर्जन्यमापकावरून ठरतो. ढगाला मंडळाची हद्द ठाऊक नसते. यंत्राजवळ पन्नास मिलिमीटर पडला आणि चार कोसांवरचे शेत वाहून गेले, असे होऊ शकते. मग ज्याचे शेत वाहून गेले तो कागदावर कोरडाच राहतो.

एखाद्या तरुण मंडळीने पिशोर मंडळातील आले उत्पादकाला जामीन राहण्याचे ठरवले, तर तिने काय करावे? मला वाटते, तिचे पहिले काम म्हणजे काही गोष्टींना नकार देणे. आणखी एक दरपत्रक नको. दर आधीच सर्वांना माहीत असतो आणि माहीत असूनही उपयोगी पडत नाही, कारण तो आजचा असतो व शेतकऱ्याला सहा महिन्यांनंतरचा हवा असतो. देशभरच्या साऱ्या पिकांना पुरेल असा सल्लागारही नको. एक पीक, एक मंडळ, पाण्याचा निचरा होणारी आणि न होणारी जमीन यांतला फरक एवढ्यावर नजर रोखावी. शेताशेतांत ओलावा मोजणारी साधी उपकरणे ठेवून कंदसड कोणत्या वाफ्यात, कोणत्या पावसानंतर, किती दिवसांनी दिसली याची नोंद ठेवली, तर 'ठेवा' म्हणण्याला काही आधार येईल. आणि मग खरी परीक्षा: ज्याला 'ठेवा' असा सल्ला दिला त्याच्या मालाचा काही भाग आज ठरलेल्या किमान दराने उचलण्याची हमी त्या कंपनीने द्यावी. ही हमी देण्याची तिची छाती होत नसेल, तर आपल्या सल्ल्यावर तिचा स्वतःचाच विश्वास नाही असे समजावे. हमी द्यावयाची ठरली की सुबक पडदे, बक्षिसांची चिन्हे आणि रोजच्या संदेशांचा मारा यांवर खर्च करण्यास पैसा उरणार नाही, आणि उरला तरी तसा मोह होणार नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. सॉफ्टवेअरची चूक आज कळली तर उद्या दुरुस्त करता येते. आल्याच्या बाबतीत केलेली चूक कळावयासच नऊ महिने लागतात आणि राखलेल्या पिकाबाबत दीड वर्ष. साहसवित्त पुरवणारे निधी साधारणतः दहा वर्षांच्या मुदतीने बांधलेले असतात, म्हणजे त्या भांडवलदाराच्या साऱ्या आयुर्मानात फार तर दहा हंगाम येतात, आणि त्याला निकाल तिसऱ्या-चौथ्या हंगामातच हवा असतो. किर्लोस्करांना औंधचे राजे भेटले. ते परतफेडीचा तिमाही तक्ता मागत नव्हते. आज संस्थाने नाहीत, आणि ती नसावीत हेच योग्य. पण बत्तीस एकर माळ देणारी ती सबुरी लोकशाहीत कोणत्या खात्याकडे सोपवली आहे, हे मला शासनाच्या धोरणपत्रांत सापडत नाही. तिथे किती कंपन्या नोंदल्या गेल्या याचा हिशेब आहे. किती कंपन्या एका पिकामागे पाच हंगाम टिकल्या, याला रकाना नाही.

तो रकाना करणे अवघड नाही. संभाजीनगरातील उद्योजकांचे केंद्र, कृषी विज्ञान केंद्र आणि जिल्हा बँक यांनी एकत्र येऊन आल्याच्या प्रश्नापुरती पाच हंगामांची रक्कम बाजूला काढावी. तीत किमान दराच्या हमीतून होणाऱ्या नुकसानीचा अर्धा वाटा धरावा, म्हणजे उरलेला अर्धा सोसण्याची धमक असलेले अर्जदारच पुढे येतील. आणि अर्जाबरोबर ध्येयवाक्य मागू नये, तर ज्या शेतकऱ्यांच्या वाफ्यांवर अर्जदाराने एक अख्खा पावसाळा काढला असेल त्यांच्या सह्या मागाव्यात. अर्ज मे महिन्यात, लागवडीच्या सुमारास मागवावेत. मार्चअखेरीच्या धांदलीत ते मागवले, तर येणारे अर्जही त्या धांदलीतलेच असतील.